नीवेसची किंचाळी

एल्विओच्या घरात त्याच्या बायकोचे, नीवेसचे फोटो पुष्कळ होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. रोमच्या स्टुडिओंत तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात आपला आवाज घातला. तेव्हाचे खुनाचे आणि भुताखेतांचे सिनेमे आवाजाशिवायच चित्रित व्हायचे, बोलणं मागाहून भरलं जायचं. पडद्यावर देखण्या बाया मरायच्या, त्यांच्यासाठी किंचाळायची नीवेस. घरी येऊन घोगऱ्या आवाजात म्हणायची, "आज दोनदा मेले. भाजी तूच चिर."

एल्विओला हे सिनेमे मनापासून आवडायचे. काळे हातमोजे, वस्तरा, लाल पडदे, आणि खुनी कोण ते कळल्यावरही न जुळणारी गोष्ट. न जुळली तरी भीती खरी वाटायची, त्याला तेवढं पुरे होतं.

म्हणून तुल्लियाच्या फिल्म क्लबात नीवेसचा एक जुना सिनेमा लागणार म्हटल्यावर तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. शेजारच्या खुर्चीत त्याचा मित्र दुइलिओ भाजलेल्या भोपळ्याच्या बिया घेऊन बसला.

नायिकेनं तोंड उघडलं आणि इंग्रजी बोलली.

"तुल्लिया, हे काय गं?" एल्विओ मागं वळून म्हणाला.

तुल्लिया वाकून जवळ आली. "काका, माझी चूक झाली. परदेशात पाठवलेली प्रत मागवली गेली. चित्र सगळ्यांत स्वच्छ होतं हो. खाली अक्षरं येतात ना!"

"अक्षरं वाचायला आलोय होय मी?"

तो उठायला लागला. दुइलिओनं बाही धरली. "बस रे. तिकिटाचं राहू दे, माझ्या बिया कोण खाणार?"

एल्विओ बसला, पण पडद्याकडे बघेना. त्या परक्या बाईचं बोलणं त्याला ऐकवत नव्हतं. मग जिन्यात हातमोजे दिसले, वस्तरा चमकला आणि नायिकेची मैत्रीण किंचाळली.

किंचाळी वर चढली आणि शेवटी उचकीसारखी तुटली.

एल्विओनं मान वर केली. तशी तुटायची ती एकाच बाईची. नीवेस कुरकुरायची तेही आठवलं: "बोलणं ज्याचा तो देश भरतो, पण किंचाळ्या आमच्याच नेतात मेले. किंचाळायला कुठली आलीय भाषा?"

"तीच आहे," तो म्हणाला.

"कोण, खुनी?" दुइलिओनं विचारलं.

"नीवेस."

दुइलिओनं बियांची पुडी एल्विओच्या मांडीवर ठेवली.

पडद्यावर नायिका एकटीच अंधाऱ्या घरात शिरत होती. पुढच्या रांगेतली बाई ओरडली, "अगं, जाऊ नकोस आत!"

"जाऊ द्या हो तिला," एल्विओ म्हणाला आणि दुइलिओकडे वळला. "तू पाहिलायस ना हा? अजून किती बायका मरायच्यात?"

"दोन."

"बरं," म्हणून एल्विओ खुर्चीत नीट टेकून बसला.