खळ वाळेपर्यंत

तिने प्रेसमध्ये दाबलेल्या पुस्तकाच्या कण्यावर अंगठा टेकवला. खळ कोरडी ठणठणीत होती. आणि आत्ताच नवरा सांगून गेला होता, “दोन तास तरी हात लावू नकोस. ओली आहे.”

दारातून वळून त्याने रोजच्यासारखं विचारलंही होतं, “येतेस का?”

“आणि हे पानांचे फर्मे कोण शिवणार? तुमचा मामा?” तिनेही रोजच्यासारखंच उत्तर दिलं होतं, मान वर न करता.

सव्वीस वर्षं दोघं पुस्तकं बांधत होती. एकाची खळ वाळेपर्यंत दुसऱ्याची पानं कापायची, तिसऱ्याला पुठ्ठा चढवायचा. दोन महिन्यांपासून मात्र हा गृहस्थ तीन वाजले की हात खसखसून धुतो, शर्ट बदलतो आणि पसार होतो. परत येताना तिच्यासाठी खाऱ्या दाण्यांची पुडी आणतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तिने एकही पुडी उघडली नव्हती. सगळ्या दोऱ्याच्या खणात कोंबल्या होत्या.

आता तर खळीचंही खोटं निघालं. फर्म्यात सुई अर्धवट टोचलेली सोडून ती उठली. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

“वहिनी, तुम्हीपण तळ्यावर का?” शेजारचा किल्लीवाला हसला. “साहेबांची स्वारी रोज तिकडंच असते.”

“तुम्ही तुमच्या किल्ल्या घासा.”

तळ्याकाठच्या बाकावर नवरा एका कडेला अंग चोरून बसला होता. उरलेल्या जागेवर रुमाल अंथरलेला, रुमालावर दाण्यांची पुडी. म्हणजे येणारी अजून यायची होती. ती झाडाआड उभी राहिली. येऊ दे भवानीला, तिच्यासमोरच विचारते.

कोणी आलं नाही. तो पेपर वाचत नव्हता, पेंगत नव्हता. नुसता पाण्याकडे बघत बसला होता. मधेच एक बाई बाकाशी आली, तसा त्याने पटकन रुमालावर हात ठेवला. “जागा धरलेली आहे,” म्हणाला. बाई पुढे निघून गेली. एवढी कुणाची जागा राखतोय हा? तिला धीर धरवेना.

“कोण यायचंय?”

तो दचकला. तिच्याकडे बघतच राहिला.

“कोण यायचंय, विचारलं मी.”

“रोज विचारूनच तर निघतो,” तो म्हणाला. “येतेस का म्हणून.”

तिने त्याच्या मागे, पुढे, तळ्याच्या दोन्ही काठांवर नजर फिरवली. कोणी नव्हतं. शेवटी ती बसली. बोटात शिवताना घातलेलं टोपण तसंच राहिलं होतं, ते तिने काढून मुठीत धरलं. मांडीवर काही नसताना हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. तेवढ्यात त्याने पुडी पुढे केली.

बराच वेळ दोघं पाण्याकडे बघत दाणे खात राहिली. मग तो चुळबुळला. एवढ्या वर्षांत तिला ओळखून होता.

“खळ वाळली असेल आता. उठायचं का?”

तिने अंगठ्याकडे पाहिलं. तो केव्हाचा कोरडा होता.

“बसा हो,” ती म्हणाली. “ओली आहे अजून.”