समुद्रातून आलेला पेशंट

"श्वास रोखा," एक्स-रेवाले काका सवयीनं म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. टेबलावर दगड होता.

दाराआडून त्यांची लेक खो खो हसली. "बाबा, त्याला अंगठी काढायला नाही सांगितलंत?"

"तू गप बस बाहेर. नातेवाइकांना आत परवानगी नाही."

दगड म्हणजे प्रवाळाचा काप. लेक समुद्रात बुड्या मारून प्रवाळाचा अभ्यास करायची. लग्नाचा विषय काढला की भरती-ओहोटीचं वेळापत्रक पुढे करायची. प्रवाळ दरवर्षी एक थर चढवतं आणि एक्स-रेत ते थर मोजता येतात. पण गेली काही वर्षं समुद्रच तापत होता. प्रवाळ पांढरंफटक पडलं होतं. 'मेलंय सगळं, तिथं बोटींचा धक्का बांधू,' असं सरकारातल्या वरच्यांचं ठरत आलं होतं. वाढ पुन्हा सुरू झालीय, असा हट्ट धरून लेक एकटी भांडत होती. मोठ्या डॉक्टरांची परवानगी काढून आज तिनं काप टॉवेलमध्ये गुंडाळून आणला होता. हसत होती खरी, पण नखंही खात होती.

पडद्यावर चित्र उमटलं. खालचे थर चांगले रुंद, खाऊनपिऊन सुखी. मग तापलेली वर्षं आली आणि थर केसाएवढे बारीक झाले. लहानपणी उपाशी राहिलेल्याच्या हाडावर अशाच रेघा काकांनी पाहिल्या होत्या. मग त्यांची नजर सगळ्यात वरच्या थरावर गेली.

त्यांनी चेहरा कोरा ठेवला. अख्खी नोकरी तो तसाच ठेवला होता, कारण रिपोर्ट डॉक्टरांनीच सांगायचा हा नियम. वाईट बातमी पोटात ठेवणं त्यांना फारसं जड गेलं नाही. पण रडवेल्या आईला "मोडलं नाहीये हो, नुसतं मुरगळलंय" एवढंही कधी म्हणता आलं नाही, याची हळहळ वाटायची.

"बाबा, काय दिसतंय?"

"रिपोर्ट डॉक्टर..." काका अडखळले. मग त्यांनी दार सताड उघडलं. "वाढलंय गं पोरी! पूर्वीच्या निम्मंच, पण वाढलंय! ये, बघ!"

लेकीनं पडद्यावर बोट ठेवून तो थर दोनदा पाहिला आणि बापाच्या गळ्यात पडली. आरडाओरडा ऐकून सिस्टर धावत आल्या.

"काका, काय झालं?"

"पेशंट सुधारतोय!" काकांना सांगताना इतकं बरं वाटलं की त्यांनी पुन्हा सांगितलं.

सिस्टर बघतच राहिल्या. काकांनी व्हीलचेअर ओढली, प्रवाळ टॉवेलमध्ये गुंडाळून तिच्यात नीट टेकवलं आणि फाटकापर्यंत स्वतः ढकलत नेलं.