पिकदाणीचं वजन

मी एक जुनी पिकदाणी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्यात आजवर थुंकली गेली ती फक्त वाईन, तीही शार्डोने नावाची पांढरी, भारीतली.

एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि वाईन पारखण्याच्या खोलीत माझी रवानगी झाली. तिथे प्रत्येक पारख्याची पिकदाणी वेगळी. मी नाकसाहेबांच्या वाट्याला आले. त्यांचं नाक खरोखर लाखात एक होतं. ग्लास उजेडात धरायचा, हुंगायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि माझ्यात टाकायचा. "लाकडाचा वास फार, फळ गायब. बासष्ट गुण," असं ते सांगत आणि त्या बासष्टाचे कुणी त्रेसष्ट करत नसे. सकाळभरात चाळीस ग्लास व्हायचे. माझा तोरा तर विचारूच नका.

मग एके वर्षी मी हलकी होऊ लागले. साहेब घोट गिळू लागले होते. आधी एखादा, मग दर दुसरा. का, ते मला कधीच कळलं नाही. गुणही सैल झाले. आंबूस वाईनलासुद्धा नव्वद मिळू लागले.

परीक्षण संपलं की तिथल्या मालकीणबाई प्रत्येक पिकदाणीत डोकावत, कारण गिळणाऱ्याला चढते आणि मग त्याच्या गुणांवर भरवसा नसतो. पण त्यांच्याआधी मला उचलत त्या भांडी धुणाऱ्या मावशी. वजनातला फरक त्यांच्या हाताला लगेच कळला.

"साहेब, ही आज हलकी लागतेय."

"चांगली होती हो मावशी. टाकवली नाही."

"रोजच चांगली असते का?"

साहेबांनी ग्लासात उरलेला घोटही गिळून टाकला. मावशींना दया आली. नोकरी गेली तर माणूस कोलमडेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी नळ सोडला आणि मला नेहमीइतकं भरलं. शार्डोनेचा रंग मुळात फिका, त्यामुळे पाणी खपून गेलं. मालकीणबाई डोकावून पुढे गेल्या.

असं तीन वर्षं चाललं. मी ओरडायला हवं होतं, पण भांड्याला तोंड असलं तरी वाचा नसते. साहेब पिवळे पडले, पोट फुगलं आणि एका सकाळी ते गेल्याची बातमी आली.

त्या दिवशी मावशी मला घासता घासता थांबल्या.

"त्यांची लेक विचारत होती, इतक्या वर्षांत कुणालाच कसं कळलं नाही," त्या मलाच म्हणाल्या. "काय सांगू मी तिला?"

आता माझी कल्हई उडाली आहे आणि मी अडगळीत पडून आहे. मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, आपल्या माणसाचं काही बिघडलेलं दिसलं, तर त्यावर मायेने पांघरूण घालू नका. तो रागावेल, अबोला धरेल, त्याची नोकरीही जाईल. जाऊ द्या. तेव्हाच कुणी बोललं असतं, तर साहेब आज लेकीच्या घरी असते.