मी स्वतःला कुलूप लावलं

मी एक कार्ड बोलतेय. पत्त्यांतलं नव्हे, निमंत्रणाचंही नव्हे. छतावरच्या तबकडीतून ज्यांच्या घरी टीव्ही येतो, त्यांच्या डब्याला एक फट असते. त्या फटीत बसणारं मी प्लॅस्टिकचं कार्ड. छातीवर नखाएवढी सोनेरी चकती, आणि काम दारवानाचं. पैसे भरले असतील तर चॅनेल उघडायचा, नसतील तर पडदा काळा.

माझा जन्म कारखान्यात झाला. शेवटच्या यंत्राने माझ्या चकतीत एक गुप्त शिक्का उमटवला. कुणाला काय दाखवायचं ते त्यात लिहिलेलं. माझं कुळशील म्हणाल तर तेवढंच, पण मला त्याचा भारी अभिमान होता.

मी आले ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात. घरात निवृत्त हेडक्लार्क बाबा, आई आणि त्यांची इंजिनीअर झालेली लेक. लेक माझ्याच कंपनीत नोकरीला होती, पण साहेबांनी तिला बसवलं होतं तक्रार विभागात. दिवसभर कानाला फोन आणि तोंडात एकच वाक्य: "डबा बंद करून परत चालू करा." तिला जायचं होतं सुरक्षा विभागात, जिथे माझ्यासारख्या कार्डांची राखण होते. साहेब म्हणायचे, "आधी फोन नीट उचलायला शीक, मग बघू." मोठ्या माणसांचं ते 'मग बघू' म्हणजे काय, हे ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल.

एके दिवशी लेक कामावर गेली आणि बाबांनी मला रुमालात गुंडाळून गल्लीतल्या 'डॉक्टर'कडे नेलं. तो माणसांचा डॉक्टर नव्हता. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा आणि मागच्या खोलीत कार्डांवर शस्त्रक्रिया करायचा. त्याने मला एका यंत्रात खुपसलं आणि नेमक्या क्षणी विजेचा असा झटका दिला की माझी शुद्ध हरपली. जाग आली तेव्हा माझा शिक्का पुसलेला होता आणि त्यावर खोटा शिक्का बसवलेला. आता सगळे चॅनेल फुकट!

बाबा खूश. मी मात्र शरमेने चूर झाले. दारवानानेच चोराला "या, बसा" म्हणायचं? पण माझ्या हातात काय होतं?

कंपनी गप्प बसली नव्हती. मोठ्या सामन्याच्या आधी ती आकाशातून एक आज्ञा सोडायची, आणि ती पोचली की खोटी कार्डं जागच्या जागी मरायची. डॉक्टरकडे तिला 'गोळी' म्हणत. पण साहेब पडले सभ्य गृहस्थ! गोळीच्या काही तास आधी ते पडद्याखालून पट्टी फिरवायचे: 'बेकायदा कार्डधारकांनो, सावधान!' चोर घाबरून सुधारतील, अशी त्यांची समजूत. पट्टी दिसली रे दिसली की डॉक्टरचा निरोप घरोघर जायचा, "कार्ड काढा." गोळी येऊन जायची. मग सगळे आपापलं कार्ड परत घालून आरामात सामना बघायचे.

अशाच एका संध्याकाळी लेक लवकर घरी आली. पट्टी फिरत होती आणि मी बाबांच्या खिशात होते.

"बाबा, खिशात काय आहे?"

"चष्मा."

"चष्मा नाकावर आहे तुमच्या."

आई स्वयंपाकघरातून फिस्सकन हसली. बाबांनी मला काढून टेबलावर आपटलं. "हो, केलंय कार्ड! सगळी गल्ली करते. अगं, मांजरानेच गळ्यात घंटा बांधून उंदीर धरायला निघावं, तशी तुझी कंपनी!"

"लाज नाही वाटत? मी तिथे नोकरी करते!"

"बापाला शिकवू नकोस."

ती आणखी भडकणार होती, पण मध्येच थबकली. "थांबा. पट्टी दिसली की सगळेच कार्ड काढतात?"

"सगळे. नंतर परत घालतात."

"आणि पैसे भरणारे?"

"ते कशाला काढतील? ते ती पट्टी वाचतसुद्धा नाहीत."

लेकीचा चेहरा असा उजळला की बाबाच दचकले. तिने तिथूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, मला सुरक्षा विभागात एक संधी द्या. गोळी नको. आज्ञेचे बारीक बारीक कण करून पाठवू, साध्या दिवशी, रटाळ कार्यक्रमांच्या वेळी. आणि अंतिम सामन्याआधी तुमची पट्टी दाखवाच. चांगली मोठ्या अक्षरात."

साहेब पलीकडून बराच वेळ समजावत होते. शेवटी ती म्हणाली, "कबूल. फसलं तर जन्मभर तक्रार विभागात बसेन." फोन ठेवून बाबांना म्हणाली, "अंतिम सामन्याच्या आत नवं कार्ड घ्या. नंतर बोलू नका."

बाबा हसले. "मग बघू."

मग सुरू झाली माझी मेजवानी. सकाळच्या व्यायामाच्या कार्यक्रमात एक कण, दुपारच्या रडक्या मालिकेत एक. एकेकट्या कणाला काही अर्थ नव्हता. डॉक्टरने मला तपासलंसुद्धा. "कंपनीचा कचरा आहे," म्हणाला, "असू दे." मी मनातल्या मनात म्हटलं, अस्सं का! कारण कण एकमेकांना जुळत होते आणि मला निरोप उमगत होता: पट्टी फिरत असताना बाहेर जाऊन जे कार्ड परत आत येईल, त्याने स्वतःचा शिक्का वाचावा. खोटा निघाला, तर स्वतःला कुलूप लावावं.

अंतिम सामन्याच्या दिवशी पट्टी फिरली, मी खिशात गेले. बाबांनी अर्धी इमारत बोलावली होती. पंख्याखाली जागा मिळेना. लेक दाराशी उभी, नखं कुरतडत. तिची सगळी नोकरी आता माझ्या चकतीवर तोललेली.

"टळली गोळी!" म्हणत बाबांनी मला ऐटीत फटीत सरकवलं.

मी शिक्का वाचला. खोटा. डॉक्टर, बघ आता! मी सर्वशक्तीनिशी कुलूप लावलं. खट्!

पडदा काळा. बाबांनी मला काढलं, शर्टाला पुसलं, परत घातलं. काळाच. शेजारी ओरडले, "अहो, सामना सुरू झाला असेल!" समोरच्या इमारतीतूनही बोंब उठली, मागच्याही. डॉक्टरचा फोन लागेना.

"पुसा, पुसा," लेक म्हणाली. "नाहीतर डबा बंद करून परत चालू करा."

"तू केलंस हे?"

"तुम्हीच तर शिकवलंत, बाबा."

तेवढ्यात तळमजल्यावरून जल्लोष ऐकू आला. शिंपीणबाई इमानाने पैसे भरायच्या. त्यांचा टीव्ही झकास चालू होता. सगळी पंगत धडधडत जिना उतरली. सर्वांत शेवटी बाबाही, चपला हातात घेऊन.

साहेबांचा फोन आला. "आपली युक्ती चालली बरं का!"

"आपली?" लेक म्हणाली. "साहेब, सुरक्षा विभागात माझी खुर्ची कुठली, तेवढं सांगा."

ती खुर्ची खिडकीजवळची निघाली. तिच्या टेबलाच्या काचेखाली मी आता पडून असते. माझ्या आत काही हलत नाही, मला परत उघडणं डॉक्टरच्या बापालाही जमणार नाही. दुःख? मुळीच नाही. खोट्या शिक्क्याने जगण्यापेक्षा हे मरण लाखमोलाचं.

वडीलधाऱ्यांनो, जाता जाता एकच विनंती. घरातली पोर बोलायला लागली की आवाज वाढवू नका, टीव्हीचाही आणि स्वतःचाही. माझं काय, मी आता गप्प बसते. ती बसणार नाही.