थांबत सांगितलेला धडा

चिमणीला नववीत दुसऱ्यांदा बसावं लागलं, पण त्यात तिच्या डोक्याचा काही दोष नव्हता. शब्द ओठांशी येऊन अडायचे. वर्गात उभं केलं की पहिलंच अक्षर पुन्हा पुन्हा यायचं, मागच्या बाकांवर खसखस पिकायची आणि ती मान खाली घालून बसायची. मग तिने शाळाच टाळायला सुरुवात केली. दप्तर घेऊन निघायची ती थेट मावशीच्या लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलामागे. आईच्या माघारी मावशीनेच तिला वाढवलं होतं. तिने रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, शेवटी हात टेकले.

शाळा सोडायच्या बेतात असलेल्या मुलांसाठी शाळेने त्याच सुमारास संगणकाचा वर्ग काढला होता. तिथल्या बाई एक दिवस लाँड्रीत आल्या. उपदेशाचं त्या काही बोलल्याच नाहीत. पाचवीसाठी गणिताचे धडे आवाजात भरायचेत, खोलीत माईक आणि संगणक सोडून कोणी नसतं, एवढंच त्यांनी सांगितलं. चिमणी गेली ती खरं तर मावशीच्या चेहऱ्याकडे बघून.

पण आपला आवाज पडद्यावर डोंगररांगेसारखा उमटतो आणि नको तो तुकडा कापता येतो हे कळलं, आणि तिला तिथून हलवणं अवघड झालं. तिने अपूर्णांकांचा धडा भरला. मग कितीतरी संध्याकाळी बसून त्यातली एकूण एक अडखळ, एकूण एक थांबा काढून टाकला. मावशीने हेडफोन लावून ऐकलं आणि डोळे पुसले. "ही तू बोलतेयस?" एवढंच तिने विचारलं.

पाचवीने धडा ऐकला त्या दिवशी बाईंनी चिमणीला दाराशी बसवलं. थोड्या वेळाने एका मुलीने हेडफोन काढून तक्रार केली, "ही ताई पळत सुटते. मी छेद लिहीपर्यंत पुढे गेलेली असते." बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

चिमणीचा चेहरा उतरला. बाई समजूत घालायला आल्या. तेव्हा चिमणीच म्हणाली, "बा... बाई, मूळचं आहे माझ्याकडे. न का... न कापलेलं."

"मग तेच ऐकवायचं?"

तिने जरा विचार करून होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो धडा लागला. पहिल्या अडखळीला दोघंतिघं हसली. पण ती थांबायची तेवढ्यात पेन्सिली पुढे सरकत होत्या, आणि गणित सुटायला लागल्यावर हसणं आपोआप विरलं. शेवटी तीच मुलगी वही घेऊन दाराशी आली आणि छेद सारखे का करायचे म्हणून विचारू लागली. चिमणीला उत्तर द्यायला वेळ लागला. मुलगी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, घाई न करता.

चिमणी रोज शाळेत जाऊ लागली. बोलणं काही सुधारलं नाही. तोंडी परीक्षेला तिने जास्तीचा वेळ मागून घेतला, तो तिला मिळाला, आणि ती दहावीत गेली. पाचवीचे उरलेले धडे तिने सुट्टीत भरले.