आज्ञेतला शेवटचा शब्द

मी एक शब्द आहे आणि मीच बोलतोय. पुस्तकातला नाही आणि तुमच्या तोंडचा तर मुळीच नाही. माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशिनच्या भाषेत उतरवणारा एक कंपायलर असतो. त्याला दिलेल्या आज्ञेच्या अगदी टोकाला मी बसतो. माझा अर्थ एवढाच, "जोरात चालव."

घाई तुमची आणि शिव्या मात्र मला.

जोरात पळायचं तर नियम वाकवावे लागतात. मी बेरजेचा क्रम बदलतो. क्रम बदलला तरी बेरीज तीच, असं तुम्ही म्हणाल. कागदावर ते खरं आहे. पण मशिनकडे आकडा लिहायला जागा मोजकी. डोंगराएवढ्या आकड्यात कणाएवढे आकडे एकेक करून टाकले, तर ते गडप होतात. तेच कण आधी एकत्र केले, तर त्यांचा दगड होतो. मला घडवणाऱ्यांनी हे माहितीपत्रकात साफ लिहून ठेवलंय. वाचतो कोण?

नदीच्या पुराचं गणित करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला एका जुन्या शास्त्रज्ञाने आणलं. तो निवृत्त झाला, मी राहिलो. नवीन माणूस आला की तिथले प्रमुख, म्हणजे सर, त्याला सांगत, "ही आज्ञेची ओळ घे. चालते. हात लावू नकोस."

नवीन आलेल्या ताईनेही ती तशीच घेतली. तिला सगळे ताई म्हणत, सर सोडून. सर 'बाई' म्हणत आणि त्यात मान नसे.

नदीकाठच्या वस्तीभोवती भिंत बांधायची होती. ताईचा निकाल आला, मोठ्या पुरात पाणी भिंतीवरून जाईल, भिंत उंच करा. खर्च वाढणार म्हणून भिंतीला मंजुरी देणाऱ्या समितीने तोच प्रोग्राम आपल्या तसल्याच मशिनवर चालवला. त्यांच्या इंजिनिअरने दिलेल्या आज्ञेत मी नव्हतो. पाणी भिंतीच्या माथ्याच्या जरा खालीच थांबलं.

सर भर बैठकीत म्हणाले, "बाई, आकडे शिजवलेत तुम्ही."

"सर, प्रोग्राम तोच आहे."

"मग पाणी काय तुम्हाला बघून चढलं?"

सगळे हसले. समितीच्या अध्यक्षबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "उद्या खुलासा द्या," त्या म्हणाल्या, "नाहीतर नोकरी गेली समजा."

ताईने आज्ञेतला एकेक शब्द काढून प्रोग्राम चालवून पाहिला. शेवटी माझ्यापाशी आली. "आणि हा कोण मेला?" इतक्या वर्षांत माझी ही पहिली विचारपूस! तिने मला उडवलं आणि तिचा आकडा समितीच्या आकड्याशी शेवटच्या अंकापर्यंत जुळला.

दुसऱ्या दिवशी सर खुशीत होते. "म्हणजे भिंत पुरते. करा सही, मिटवा विषय."

"ओळ तुम्हीच दिली होतीत, ते राहू द्या," ताई म्हणाली. "पण बेरीज एका क्रमाने केली तर वस्ती वाचते आणि दुसऱ्या क्रमाने केली तर बुडते. अशी भिंत पुरते म्हणून मी सही करणार नाही."

"तुम्हाला हरायला येत नाही, बाई."

"तुम्ही त्या भिंतीमागे राहायला जा सर, लगेच हरते."

या वेळी कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी आराखडा पुढे ओढला आणि भिंतीची उंची खोडून वाढवली.

तेव्हापासून सर ताईशी बोलत नाहीत. तिच्या मशिनवरून मी गेलो. सरांच्या मशिनवर अजून आहे, कारण मला काढणं म्हणजे ताईचं ऐकणं.

खेळातली चित्रं पळवायला मला खुशाल बोलवा, तिथे माझ्यामुळे कुणाचं घर वाहून जात नाही. पण माणसांच्या जिवाचं गणित मांडताना माझ्यावर ढकलून मोकळे होऊ नका. मला ना लाज, ना काळजी. ती तुम्हाला असायला हवी होती.

आज सरांनी एका धरणाच्या दारांचं गणित लावलंय. मी कामाला लागलोय. कुणीतरी येऊन मला काढा.