भुकटीवरची झोप

कचरूच्या आईनं, सोनूबाईनं, चुलीतून लाल झालेला विळा काढला तेव्हा पोटच्या पोरीचे पाय कचरूनंच दाबून धरले होते. पाच वर्षांच्या बेबीनंदाचं पोट श्वासागणिक आत ओढलं जात होतं. हा लहान पोरांना धाप लावणारा डबा रोगच, डाग दिल्याशिवाय उतरायचा नाही, असं त्याच्या आईचं म्हणणं. बायको चतुराबाई मध्ये पडली, तर त्यानं तिच्या तोंडात भडकावली. विळा टेकला. पोरगी ओरडलीसुद्धा नाही. ओरडायलाही दम लागतो.

सकाळी तिचे ओठ निळे पडले, तेव्हा कुठे त्यानं तिला खांद्यावर टाकून परतूरचा दवाखाना गाठला. पोटावरचा डाग पाहून डॉक्टरीणबाईंनी त्याची बिनपाण्यानं केली आणि मग पोर दिवसभर असते कुठे, ते विचारलं.

"आमच्यासंगंच, वाटूरच्या खडी मशीनवर. भुकटीच्या ढिगावर झोपून राह्यती. मऊ अस्ती ना, गार बी."

बाईंनी पोरीच्या छातीला पुन्हा एकदा नळी लावली.

"अहो, ती दगडाची धूळ तिच्या छातीत गेलीय. वाचेल ती. पण फुप्फुसं पहिल्यासारखी व्हायची नाहीत."

ढिगात हातानं खळगा करून पोरीला पहिल्यांदा निजवलं ते कचरूनंच. त्याचं पाहून बाकीच्या बायाही आपापली पोरं तिथं निजवू लागल्या होत्या. चतुराबाईला पोरीजवळ बसवून तो तडक मशीनवर गेला. ढिगावर तीन तान्ही पोरं राखाडी होऊन झोपली होती. पोरं उचला म्हणून तो ओरडला, पण त्या धडधडीत ऐकतो कोण! त्यानं पहार उचलली आणि चालत्या पट्ट्यात घातली.

पट्टा फाटकन तुटला आणि मुकादम भिवाचा गाल फाडून गेला. मग भिवानं अन् दोघा गड्यांनी फावड्याच्या दांड्यांनी त्याला झोडपला. दात पडले, बरगडी मोडली. मशीन बंद पडल्यामुळे त्याचं बोलणं आता सगळ्यांना ऐकू जात होतं.

"पोरं उचला, बायांनो. ती भुकटी छातीत जाती."

बायांनी पोरं उचलली.

बेबीनंदाला घरी आणलं, त्या दिवशी तिघं एसटीतून फाट्यावर उतरली. चतुराबाई बोचकं घेऊन पुढे निघाली. घर समोर दिसत होतं. पोरगी थोडंसं चालली आणि गुडघ्यावर हात ठेवून रस्त्याच्या कडेला बसली.

"तुमी चाला पुढं, दादा. मी येती बसत बसत."

कचरू तिच्याजवळ मातीत बसला.